रूढी कायदा कधी ठरते? नायजेरियातला एखादा नियम तपासण्याची रीत

समजा, लागोस शहरात स्वतःचं घर असलेला, इग्बो समाजाचा एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला. उत्तरक्रिया आटोपल्यावर चुलत्यांनी त्याच्या मुलीला बसवून सांगितलं, "आपल्यात बापाच्या मालमत्तेत मुलीला हिस्सा नसतो. ही वाडवडिलांची रीत आहे." मुलगी तुमच्याकडे येते आणि एवढंच विचारते: हा कायदा आहे का?

परीक्षेतला विद्यार्थी इथे 'रूढी हा कायद्याचा एक स्रोत आहे' असं लिहून मोकळा होतो. ते खरंच आहे, पण त्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर काढायचं तर कोणत्या क्रमाने जायचं, कुठे थांबायचं आणि कुठे फसगत होते, ते इथे मांडतो. कायद्याचे विद्यार्थी, तौलनिक कायद्यावर काही लिहिणारे, आणि नायजेरियात व्यापार, नोकरी किंवा सोयरीक असलेल्या अशिलांचे वकील हे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तिथल्या वकिलाचा सल्ला यामुळे टळणार नाही. त्याला नेमकं काय विचारायचं, एवढं मात्र कळेल.

पायरी पहिली: नियम नीट लिहून काढा

'आफ्रिकी रूढी-कायदा' नावाची एक वस्तू कुठेही नाही. 'नायजेरियन रूढी-कायदा' हीसुद्धा सोयीची भाषा झाली. त्या देशात ३६ राज्यं आणि अबुजाचा राजधानी-प्रदेश आहे, शेकडो भाषक समाज आहेत आणि प्रत्येकाच्या रीती वेगळ्या. एकाच समाजातही गावागणिक फरक पडतो. ओनित्शा आणि न्नेवी ही दोन्ही गावं इग्बोंची आणि एकाच अनाम्ब्रा राज्यातली. तरी वारशाच्या एका गाजलेल्या खटल्यात न्नेवीची रीत एका बाजूला आणि ओनित्शाची दुसऱ्या बाजूला उभी राहिली होती. तो खटला पुढे येईलच.

म्हणून पहिलं काम कागद-पेनाचं. दावा एका वाक्यात लिहा आणि त्यात चार गोष्टी येतात का पाहा: रीत कोणत्या समाजाची, कोणत्या गावची किंवा भागाची, कोणत्या प्रकारच्या मालमत्तेबद्दल किंवा नात्याबद्दल, आणि ती आज पाळली जाते असं कोण म्हणतंय. 'इग्बोंमध्ये मुलींना वारसा नसतो' हे वाक्य या चाळणीतून गळून पडतं. 'अमुक गावच्या अमुक कुळात वडिलांच्या राहत्या घरावर फक्त मुलग्यांचा हक्क असतो, असं मयताचा भाऊ म्हणतो' हे वाक्य तपासता येतं. चौथ्या मुद्द्याला विद्यार्थी कायम विसरतात. जो रीत सांगतो त्यालाच घर मिळणार असेल, तर ती नोंद पहिल्याच पानावर हवी.

पायरी दुसरी: रूढीला कुठे बसवलंय ते पाहा

ब्रिटिशांनी १८६१ मध्ये लागोस ताब्यात घेतलं, १८६३ मध्ये तिथे इंग्लिश कायदा लागू केला आणि १८७६ च्या सुप्रीम कोर्ट वटहुकमात स्थानिक रूढींना एका अटीवर जागा दिली. रूढी नैसर्गिक न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांना घृणास्पद वाटेल अशी नसावी आणि चालू कायद्याशी विसंगत नसावी, ही ती अट. इंग्रजीतल्या मूळ शब्दामुळे तिला 'रिपग्नन्सी कसोटी' म्हणतात.

हे शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील, कारण त्यांचं घराणं आपल्याकडचंच आहे. एल्फिन्स्टनच्या काळातल्या मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये दिवाणी दाव्यांचा क्रम लावून दिला होता: आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तर मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक. फरक बारीक आहे, पण मोठा आहे. मुंबईत सद्सद्विवेक सगळ्यांत शेवटी, रिकामी जागा भरायला यायचा. लागोसमध्ये तो दारावर पहारेकरी म्हणून बसला आणि रूढीला आत सोडायचं की नाही ते ठरवू लागला.

आजची रचना अशी. सर्वांच्या वर १९९९ ची राज्यघटना. तिच्या कलम १(३) नुसार तिच्याशी विसंगत असलेला कुठलाही कायदा विसंगतीपुरता निरर्थक. त्याखाली केंद्राचे आणि राज्यांचे कायदे. सोबत इंग्लंडहून आलेला कायदा, म्हणजे कॉमन लॉ (निवाड्यांतून घडलेला कायदा), इक्विटी (त्याला पूरक समन्यायाची तत्त्वं) आणि १ जानेवारी १९०० रोजी इंग्लंडमध्ये अमलात असलेले सर्वसाधारण लागू होणारे कायदे. आणि रूढी. 'शास्त्राद् रूढिर्बलीयसी' ही आपली उक्ती तिथल्या न्यायालयात चालत नाही. शास्त्र म्हणजे विधिमंडळाचा कायदा धरला, तर तिथे रूढी त्याच्याखालीच बसते.

दोन गोष्टी इथेच बाजूला काढा. फौजदारीत रूढीला जागा नाही. घटनेचं कलम ३६(१२) सांगतं की गुन्हा आणि त्याची शिक्षा लिखित कायद्यात असल्याशिवाय कोणाला दोषी ठरवता येत नाही. हे तत्त्व स्वातंत्र्याच्या वेळच्या घटनेपासूनच आहे. १९६१ च्या आओको विरुद्ध फाग्बेमी या खटल्यात रूढी-न्यायालयाने एका बाईला व्यभिचारासाठी दिलेली शिक्षा याच कारणाने रद्द झाली. तेव्हा 'आमच्या रिवाजाने हा गुन्हा आहे' असं कोणी म्हणालं, तर पुढे तपासायची गरजच नाही.

दुसरी गोष्ट इस्लामी कायद्याची. उत्तरेकडच्या जुन्या कायद्यांत त्याला 'स्थानिक कायदा आणि रूढी' या नावाखाली कोंबलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने अल्कामावा विरुद्ध बेल्लो (१९९८) मध्ये साफ सांगितलं की इस्लामी कायदा एखाद्या जमातीचा नाही, त्याला लिखित परंपरा आहे आणि त्याला रूढी म्हणणं बरोबर नाही. वाद कानो-सोकोतोकडच्या मुसलमान कुटुंबाचा असेल, तर हा लेख मिटवा आणि दुसरा शोधा.

पायरी तिसरी: कोणाची रूढी लागू?

माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका या पायरीवर होतात. रूढी सिद्ध करायला मंडळी साक्षीदार गोळा करतात आणि मग कळतं, की मुळात ती रूढी लागूच नव्हती.

ढोबळ नियम दोन; त्यांना अपवाद पडतो तो पुढे एका खटल्यात दिसेल. जमिनीच्या मालकीचा किंवा खरेदीचा वाद असेल तर जमीन जिथे आहे तिथली रूढी. मृत्युपत्राशिवाय वारलेल्या माणसाचा वारसा असेल तर त्या माणसाची वैयक्तिक रूढी, म्हणजे तो ज्या समाजाचा होता त्याची, मग मालमत्ता कुठेही असो. बिडा गावचा, नुपे समाजाचा एक मुसलमान लागोसमध्ये घर ठेवून वारला, तेव्हा तापा विरुद्ध कुका (१९४५) मध्ये त्याच्या घराला लागोसची योरुबा रीत लागली नाही, त्याचा स्वतःचा कायदा लागला.

पण माणूस 'कोणत्या समाजाचा' हे जन्मावरूनच ठरतं का? ओलोवू विरुद्ध ओलोवू (१९८५) हा खटला यासाठी वाचाच. मयत जन्माने इजेशा, म्हणजे योरुबा. आयुष्य काढलं बेनिन शहरात. (हे एदो राज्यातलं जुनं राजधानीचं शहर, शेजारच्या बेनिन देशाशी गल्लत करू नका.) तिथेच लग्नं केली, तिथल्या राजाच्या, म्हणजे ओबाच्या, संमतीने स्वतःला बेनिनचा करून घेतलं आणि त्या जोरावर बरीच जमीनजुमला मिळवला. तो मृत्युपत्र न करता वारला आणि मुलांमध्ये तंटा लागला: वाटणी योरुबा रीतीने की बेनिनच्या रीतीने? योरुबा रीतीत सगळ्या मुलांना काही ना काही मिळतं, बेनिनच्या रीतीत थोरल्या मुलाचं पारडं फार जड. सर्वोच्च न्यायालयाने बेनिनची रीत लावली. ज्याने स्वखुशीने समाज बदलला, त्याचा वैयक्तिक कायदाही बदलला. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहूनही माणसं मूळ गावची रीत सोबत नेतात आणि न्यायालयंही तसं गृहीत धरतात. ओलोवूत माणसाने ती रीत आपणहून मागे सोडली होती, आणि न्यायालयाने त्याच्या आयुष्याकडे बघितलं.

म्हणून अशिलाला फक्त 'तुमचं मूळ गाव कोणतं' एवढं विचारून भागत नाही. मयत कुठे राहिला, कोणाशी लग्न केलं, पुरला कुठे गेला, सणावाराला कुठे जायचा, स्वतःला काय म्हणवायचा, हेही विचारा.

आता लग्नाचा कागद. मयताने विवाह कायद्याखाली नोंदणी-कार्यालयात किंवा परवानाप्राप्त चर्चमध्ये लग्न केलं असेल, तर दक्षिणेकडच्या बऱ्याच राज्यांत त्याच्या मिळकतीची वाटणी मालमत्ता-प्रशासनाच्या कायद्याने होते आणि रूढी मागे पडते. फक्त रूढीने लग्न झालं असेल तर रूढी पुढे येते. आपल्या उदाहरणातल्या चुलत्यांचा अख्खा दावा एका लग्नाच्या दाखल्यावर कोसळू शकतो. तो दाखला सर्वांत आधी मागायचा, आणि नेमका तोच सर्वांत शेवटी मागितला जातो.

शेवटची शक्यता व्यवहाराच्या स्वरूपाची. दोघांनी इंग्लिश पद्धतीचा दस्त केला असेल, किंवा रूढीला माहीतच नसलेला व्यवहार, उदाहरणार्थ वचनचिठ्ठी, केला असेल, तर त्यांनी इंग्लिश कायदा पत्करला असं धरलं जाऊ शकतं.

पायरी चौथी: शाबिती

रूढीचं सगळ्यांत विचित्र वैशिष्ट्य असं की ती कायदा आहे, पण न्यायालयात तिला वस्तुस्थितीसारखं सिद्ध करावं लागतं. विधिमंडळाचा कायदा न्यायाधीशाला माहीत आहे असं गृहीत धरतात. रूढी माहीत आहे असं गृहीत धरत नाहीत. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या लंडनमधल्या अंतिम अपील न्यायालयाने, अंगू विरुद्ध अत्ताह (१९१६) या गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, खटल्यात हे ठरवलं: रूढी आधी साक्षीदारांकरवी सिद्ध व्हावी, वारंवार सिद्ध होऊन ती सर्वज्ञात झाली, की मग न्यायालयं स्वतःहून तिची दखल घेतील.

आजचा नियम २०११ च्या पुरावा कायद्यात आहे. कलम १६ प्रमाणे रूढी एकतर न्यायिक दखलेने किंवा पुराव्याने उभी राहते, आणि शाबितीचा भार ती आहे म्हणणाऱ्यावर. मुलीने 'अशी रूढी नाही' हे सिद्ध करायचं नाही; चुलत्यांनी 'आहे' हे सिद्ध करायचं. खटला इथेच अर्धा फिरतो.

कलम १७ ने मोठा बदल केला. पूर्वीच्या कायद्यात रूढीची न्यायिक दखल घ्यायला त्याच भागातल्या वरच्या किंवा समान दर्जाच्या न्यायालयाने तिच्यावर इतपत विसंबलेलं असावं, की ती त्या लोकांवर बंधनकारक धरता यावी, अशी अट होती. आता वरिष्ठ अभिलेख-न्यायालयाने (उच्च न्यायालय किंवा त्यावरचं) एकदा निवाडा दिलेला असला तरी पुरतं. याने काम सोपं झालं, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. एकाच खटल्यात, कमकुवत साक्षीवर, एका बाजूच्या वकिलाच्या आळसामुळे मान्य झालेली रीत पुढे सगळ्यांच्या मानगुटीवर बसू शकते. जिवंत रीत बदलत राहते, पण छापील निवाडा जागचा हलत नाही. म्हणून 'दखल घेतली आहे' असा जुना निवाडा सापडला, तर त्यात कोणी साक्ष दिली होती आणि कोणी आव्हान दिलं होतं का, तेवढं तरी वाचा.

दखल नसेल तर कलम १८ प्रमाणे पुरावा द्यावा लागतो. कोणाचा? कलम ७० पारंपरिक राजे, प्रमुख आणि रूढीचं विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तींची मतं, तसंच त्या भागातले लोक प्रमाण मानतात अशी पुस्तकं वा हस्तलिखितं पुराव्यात घेऊ देतं. पण रूढी सांगणारा एकटाच, आणि तोच पक्षकार, अशा साक्षीवर विसंबणं न्यायालयांनी धोक्याचं मानलं आहे. त्या कुटुंबाबाहेरचा, त्याच गावचा, हितसंबंध नसलेला माणूस हवा.

साक्षीदाराला 'तुमच्याकडे मुलीला हिस्सा असतो का?' असं विचारू नका. यावर तो आदर्श सांगतो, घडलेलं सांगत नाही. त्याऐवजी असं विचारा: गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तुमच्या माहितीत अशी वेळ कोणाच्या घरी आली? तेव्हा घर कोणाकडे गेलं? मुलगी काय म्हणाली? मग तिला काहीच मिळालं नाही, की राहायला खोली दिली? कोणी विरोध केला का, आणि त्याचं काय झालं? कोणाला अपवाद केला? बैठकीला कोण कोण होतं? या प्रश्नांतून रीत तिच्या अपवादांसकट बाहेर येते. बरेचदा 'मुलीला काही नाही' हा कडक नियम प्रत्यक्षात 'परत आलेल्या लेकीला घरात हक्काने राहता येतं' इतका मऊ निघतो.

रूढी-न्यायालयात किंवा उत्तरेकडच्या एरिया कोर्टात (स्थानिक कनिष्ठ न्यायालयात) मात्र ही सगळी औपचारिकता सहसा लागत नाही. पुरावा कायद्याच्या कलम २५६ ने या न्यायालयांच्या दिवाणी कामाला तो कायदा एरवी लागू ठेवलेला नाही, आणि तिथे बसणारे बहुधा त्याच भागातले, रीत जाणणारे असतात. पण तेच प्रकरण उच्च न्यायालयात उभं राहिलं की सगळं लागतं. आधी न्यायालय ठरवा, मग साक्षीदार. जमिनीचा वाद असेल तर १९७८ च्या जमीनवापर कायद्याची कलमं ३९ आणि ४१ पाहावीत. वैधानिक ताबाहक्काचे वाद उच्च न्यायालयाकडे आणि रूढीजन्य ताबाहक्काचे वाद एरिया व रूढी-न्यायालयांकडे, अशी त्यांत ढोबळ विभागणी आहे.

पायरी पाचवी: ती रीत आज जिवंत आहे का?

लागोसचा पारंपरिक राजा एशुग्बायी एलेको याला वसाहत-सरकारने १९२५ मध्ये पदच्युत ठरवून शहराबाहेर घालवलं. सरकारचं म्हणणं होतं, की स्थानिक रूढीनेच पदच्युत राजाने मुलूख सोडावा लागतो. यात गोम अशी, की जुन्या काळी पदच्युत राजाला मारून टाकत असत, आणि हद्दपारी हे त्या रीतीचं सौम्य झालेलं रूप, असा तो युक्तिवाद होता. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९३१ मध्ये लॉर्ड अ‍ॅटकिनने निकाल दिला.

त्याने जे म्हटलं त्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. एक, क्रूर रूढी काळाच्या ओघात सौम्य होऊ शकते, पण ते सौम्य करणं समाजाचं काम आहे. न्यायालयाला स्वतःहून क्रूर रूढीला मवाळ करून वापरता येणार नाही. ती अजून क्रूरच असेल तर नाकारायची, एवढंच न्यायालयाच्या हातात. दोन, रूढीला बळ मिळतं ते त्या समाजाच्या संमतीने. रीत क्रूर असो वा मवाळ, ज्यांचं वागणं ती बांधते ते आज तिला मानतात हे दाखवावं लागेल. आपल्याला हवी तेवढी रूढी कापून घेणाऱ्या सरकारला तिथे चाप बसला. एलेको त्याच वर्षी लागोसला परतला.

त्याआधी १९०८ मध्येच लुईस विरुद्ध बँकोले या लागोसच्या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती ऑस्बर्न यांनी पश्चिम आफ्रिकी रूढीचा लवचीकपणा हा तिचा ठळक विशेष म्हणून नोंदवला होता: परिस्थिती बदलली की ती बदलते, आणि तरी आपलं मूळ रूप पुरतं गमावत नाही. म्हणून चुलता जेव्हा 'वाडवडिलांपासून' म्हणतो, तेव्हा ते रूढीच्या बाजूचं बोलणं ठरत नाही. प्रश्न आजचा आहे.

पायरी सहावी: चाळण्या

रूढी लागू आहे, सिद्ध आहे, जिवंत आहे. आता ती टिकेल का? चाळण्या चार: घृणास्पदता, लिखित कायद्याशी विसंगती, सार्वजनिक धोरण आणि घटना. पुरावा कायद्याच्या कलम १८(३) मध्ये पहिली आणि तिसरी एकत्र आहेत.

घृणास्पदतेची चाळण सगळे सारखीच सांगतात, पण न्यायालयांनी ती वाटते तितकी सढळपणे वापरलेली नाही. एडेट विरुद्ध एसिएन (१९३२) मध्ये एका माणसाने एका मुलीसाठी वधूमूल्य दिलं होतं. ती मोठी होऊन दुसऱ्याबरोबर गेली, तिला मुलं झाली, आणि आपलं वधूमूल्य परत मिळेपर्यंत ती मुलं आपली, असा पहिल्याने दावा केला. न्यायालयाने ती रूढी धुडकावली. मारियामा विरुद्ध सादिकू एजो (१९६१) मध्ये घटस्फोटानंतर दहा महिन्यांच्या आत जन्मलेलं मूल आधीच्या नवऱ्याचं, अशी इग्बिरा रीत होती. तिथे न्यायालयाने रीत सरसकट रद्द केली नाही. त्या प्रकरणातल्या तथ्यांवर ती लावली तर अन्याय होईल, एवढंच म्हटलं. हा फरक टिपून ठेवा. नियम मारणं वेगळं आणि त्या दिवशी तो न लावणं वेगळं.

उलट बाजू दानमोले विरुद्ध दावोदू खटल्याची. योरुबांमध्ये वाटणीच्या दोन पद्धती: इदी-इगी, म्हणजे प्रत्येक बायकोच्या शाखेला एक समान वाटा, आणि ओरी-ओजोरी, म्हणजे दरडोई. मयताच्या चार बायका आणि नऊ मुलं. इदी-इगीने मिळकतीचे चार भाग होतात. एका आईची तीन मुलं आणि दुसरीचं एकच, तरी दोन्ही घरांना सारखंच. पहिल्या न्यायाधीशाला हे अन्याय्य वाटलं. वरच्या न्यायालयाने १९५८ मध्ये तो निकाल फिरवला आणि प्रिव्ही कौन्सिलने १९६२ मध्ये वरच्या न्यायालयाला दुजोरा दिला: बहुपत्नीक समाजातली वाटणी एकपत्नीक समाजाच्या मोजपट्टीने मोजू नका. परक्याला विचित्र वाटलं म्हणून रीत घृणास्पद ठरत नाही.

आता माझी एक फजिती. कधीकाळी एका व्याख्यानासाठी टिपण काढताना मी मोजेक्वू विरुद्ध मोजेक्वू (१९९७) वर मोठा परिच्छेद लिहिला. न्नेवीची ओली-एक्पे ही रीत अशी, की मुलगा नसलेल्या माणसाची मिळकत त्याच्या भावाकडे किंवा पुतण्याकडे जाते. अपील न्यायालयाने तिला घृणास्पद म्हणून झोडपलं. मी भारावून गेलो. पुढे कळलं की २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालाची दिशा तीच ठेवली, पण ते झोडपणं चुकीचं ठरवलं, कारण खालच्या न्यायालयात तो मुद्दा कोणी उपस्थितच केला नव्हता. शिवाय घर ओनित्शाला होतं, आणि तिथल्या जमिनीला तिथली कोला-भाडेकरीची (कोलाफळासारखी नाममात्र भेट देऊन जमीन धरण्याची) रीत लागत होती, जी मुलींना वारसा देते. म्हणजे तिसऱ्या पायरीवर सुटलेला खटला मी सहाव्या पायरीवर शिकवत होतो. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक निवाड्यापुढे एक रिकामा रकाना असतो: 'वर काय झालं?'

घटनेची चाळण मात्र सगळ्यांत बारीक. कलम ४२ लिंग आणि जन्माची परिस्थिती यांवरून होणारा भेदभाव रोखतं. उकेजे विरुद्ध उकेजे (२०१४) मध्ये लागोसला मृत्युपत्राविना वारलेल्या इग्बो माणसाच्या मुलीने वाटा मागितला, आणि तो मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलीला वडिलांच्या मिळकतीतून वगळणारी इग्बो रूढी कलम ४२ चा भंग करते, म्हणून ती शून्य. त्याच वर्षी आनेक्वे विरुद्ध न्वेके मध्ये, आवका गावात मुलगा नाही म्हणून विधवेला घराबाहेर काढणारी रीत फेटाळली गेली. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, केलं ते विधिमंडळातून. नायजेरियात तेच काम न्यायालयाला घटनेच्या कलमावरून करावं लागलं.

म्हणून काही सगळ्याच रीती पडल्या असं नाही. बेनिनच्या इगिओग्बेचं उदाहरण घ्या. वडील ज्या घरात राहिले आणि वारले, ते घर उत्तरक्रिया पार पाडलेल्या थोरल्या मुलाला जातं. इदेहेन विरुद्ध इदेहेन (१९९१) मध्ये वडिलांनी ते मृत्युपत्राने दुसरीकडे दिलं होतं. मृत्युपत्राचा कायदाच 'रूढीच्या अधीन' असल्यामुळे ते मृत्युपत्र तेवढ्यापुरतं चाललं नाही. इथे लिखित कायद्याने रूढीला आपणहून वाट करून दिली होती. कायद्याच्या पहिल्या काही शब्दांकडे काळजीपूर्वक पाहायचं ते यासाठी.

पायरी सातवी: टिपण लिहा

आपल्या मुलीचं टिपण मी असं लिहीन. आधी तथ्यं: मयताचा समाज आणि गाव, राहण्याची जागा, लग्न कोणत्या पद्धतीचं, दाखला आहे का, मिळकत कुठे, मृत्युपत्र खरोखर नाही का. मग निर्णय तीन शक्यतांत. एक: विवाह कायद्याखाली लग्न झालेलं असेल, तर वाटणी बहुधा कायद्याने होईल आणि चुलत्यांची रूढी चर्चेत येणारच नाही. दोन: लग्न रूढीचं असेल, तर तिच्या वडिलांच्या गावची रीत चुलत्यांनी सिद्ध करायची, केवळ 'इग्बोंमध्ये' म्हणून भागणार नाही. तीन: त्यांनी ती सिद्ध केली तरी मुलगी म्हणून वगळणं उकेजेनंतर टिकणं कठीण.

कायद्याचा भाग संपला तरी काम संपत नाही. लागोसच्या उच्च न्यायालयाच्या प्रोबेट रजिस्ट्रीत चुलत्यांनी किंवा भावांनी आधीच प्रशासनपत्र (मयताची मिळकत सांभाळण्याचा न्यायालयाचा अधिकारपत्र-हुकूम) मागितलंय का, हे लगेच तपासायला सांगा. मिळालं नसेल तर कॅव्हिएट, म्हणजे आपल्याला कळवल्याशिवाय ते देऊ नये अशी सूचना, टाकता येते. मिळालं असेल तर ते रद्द करण्यासाठी किंवा त्यात आपलं नाव घालण्यासाठी दावा करावा लागतो. घर कोणाच्या ताब्यात आहे, भाडं कोण घेतंय, हेही पाहा.

आणि मुलीला एक प्रश्न नक्की विचारा: तिला घर हवंय, की चुलत्यांबरोबर जेवायला बसता येईल असं नातं? निवाडा पहिलं देऊ शकतो. दुसरं हवं असेल, तर चौथ्या पायरीवर शोधलेला तो हितसंबंध नसलेला म्हातारा आधी साक्षीदार म्हणून नको, मध्यस्थ म्हणून बोलवा.